तांब्याने राखलेला दोरा

प्रवरेकाठच्या नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथे ताम्रपाषाणयुगातल्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांत दोऱ्याचे तुकडे शिल्लक होते. वस्त्रतंतूंचे जाणकार ए. एन. गुलाटी यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यात रेशीम निघाले आणि कापूसही. बेळगावच्या खासबाग, वडगाव, शहापूरच्या विणकर गल्ल्यांत हे मुद्दाम सांगायला हवे. दख्खनच्या हातांना या दोन्ही धाग्यांची ओळख तीन हजारांहून अधिक वर्षांची आहे.

एरवी आपल्या मातीत सूत टिकत नाही. पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या मातीत बुरशी आणि जिवाणू त्याचा फडशा पाडतात. तांबे मात्र ओलाव्यात गंजताना हिरवे क्षार सोडते. ते जिवाणूंना मारक असतात. हे क्षार दोऱ्यात मुरले आणि दोरा वाचला.

मग याच तांब्याने त्या काळच्या शेतकऱ्यांचे जगणे कितपत बदलले? धातू आला आणि दगड गेला, असे इथे घडलेच नाही. घोडनदीकाठच्या इनामगावात तांबे वापरात असतानाही कापायचे-सोलायचे काम गारगोटीच्या धारदार पात्यांवरच चाले. दख्खनच्या काळ्या कातळात तांब्याच्या खाणी नाहीत. धातू लांबून यायचा, तो वितळवायला १,०८५ अंश सेल्सिअस तापमान लागायचे, म्हणजे भाता, मूस आणि जाणता कारागीर हवा. संगमनेरजवळच्या जोर्व्याला तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी आणि एक बांगडी मिळाली.

माझ्या मते खरा बदल शेतापेक्षा माणसामाणसांत झाला. गारगोटी नदीच्या पात्रात कोणालाही मिळे. तांब्यासाठी दूरच्या लोकांशी देवाणघेवाण ठेवावी लागे. ज्याच्या घरी तांबे, त्याचा मान वेगळा ठरण्याची वाट इथून उघडते. आणि असा दुर्मीळ धातू पुन्हा वितळवून हत्यार करता आला असता, तरी नेवाशाच्या माणसांनी तो लेकराच्या गळ्यातच राहू दिला.

ताम्रपाषाणयुगातल्याच चांडोलीच्या वस्तीत तांब्याची कट्यार मिळाली, तसेच जवसाच्या धाग्यात ओवलेले तांब्याचे मणीही. दोन्ही ठिकाणचे हे मणी दगडाचे असते, तर रेशीम, कापूस, जवस यांपैकी एकही तंतू आपल्या हाती लागला नसता.