कितवी आलीस? : रस्त्यावरच्या शर्यती, गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबईची शर्यत पुरी करून, गळ्यात पदक घालून घरी आले की जिन्यातच शेजारच्या काकू विचारतात, "कितवी आलीस गं?" सासूबाई फोनवर तेच विचारतात, ऑफिसात चहाच्या वेळी तेच. विचारण्यात माया असते, हे मला ठाऊक आहे. पण शर्यतींविषयीचे निम्मे गैरसमज या एका प्रश्नात सापडतात. मी एक्केचाळिसाव्या वर्षी धावायला लागले, त्याला आता नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. लोक ज्याची धास्ती घेतात त्यात धास्ती घेण्यासारखं फारसं नसतं. आणि जिथे खरंच जपायला हवं, तिथे आम्ही धावणारेसुद्धा बेफिकीर असतो.

तर आधी काकूंचा प्रश्न. मुंबईत २०२३ साली इथिओपियाच्या हायले लेमीने पूर्ण मॅरेथॉन २ तास ७ मिनिटे ३२ सेकंदांत संपवली. त्याच रस्त्यावर त्याच सकाळी हजारो हौशी माणसं धावत होती, त्यांतली कित्येक पाच-सहा तास धावत होती. या दोन्ही गोष्टी एका शर्यतीत घडतात, पण त्या एक नव्हेत. पुढच्या मोजक्या धावपटूंसाठी ती स्पर्धा असते. बाकीच्यांनी ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेच्या आत पार केलं की पदक मिळतं. ते नंबराचं बक्षीस नाही, अंतर पुरं केल्याची ती खूण आहे. माझी तुलना माझ्याच मागच्या वेळेशी आणि फार तर माझ्या वयोगटाशी होते.

"पण मागे उभं राहिलं तर वेळ वाया जातो ना?" हेही ऐकते. छातीवर चार पिनांनी लावलेल्या क्रमांकाच्या कागदाला आम्ही बिब म्हणतो. त्याच्या मागे एक पातळ चिप चिकटवलेली असते. सुरुवातीच्या रेषेवर अंथरलेल्या पट्ट्यावरून पाय गेला की तुमचं घड्याळ सुरू होतं, शेवटच्या पट्ट्यावर थांबतं. गर्दीमुळे रेषेपर्यंत पोचायला मला एकदा नऊ मिनिटं लागली होती. ती माझ्या निव्वळ वेळेत धरली गेली नाहीत. त्यामुळे पुढे घुसण्यासाठी धक्काबुक्की करायचं काहीच कारण नाही.

"आमच्या कॉलनीत पाच किलोमीटरची मॅरेथॉन आहे"

वर्तमानपत्रांतही असंच छापून येतं. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, दुसरं काही नाही. हा विचित्र आकडा १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमधून आला. तेव्हा शर्यत विंडसर किल्ल्यापासून निघून स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपली होती. पुढे १९२१ मध्ये हेच अंतर सगळीकडे कायम झालं. अर्धी मॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची. पाच आणि दहा किलोमीटरच्या शर्यती उत्तम असतात, सुरुवात तिथूनच करावी, पण त्यांना त्यांच्या नावाने ओळखावं.

"गुडघे जातील या वयात"

हे वाक्य मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकलंय, आणि तेही बहुतेकदा गुडघे दुखत असलेल्या, पण आयुष्यात कधी न धावलेल्या माणसांकडून. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हौशी धावणाऱ्यांत गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या सांध्याची झीज सुमारे ३.५ टक्के लोकांत आढळली, बैठ्या जीवनशैलीच्या लोकांत १०.२ टक्के, आणि वर्षानुवर्षं स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत १३.३ टक्के. म्हणजे अति धावण्यात धोका दिसतो, तसाच न हलण्यातही दिसतो. धावल्यामुळेच हौशी लोकांचे सांधे चांगले राहिले, असं या आकड्यांवरून छातीठोक म्हणता येणार नाही, कारण ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ते धावायलाच येत नाहीत. पण "धावलं की गुडघे जातात" या सरसकट विधानाला यात आधार नाही, एवढं नक्की.

गुडघे दुखतात ते बहुधा घाईमुळे. दोन महिन्यांवर शर्यत आली म्हणून एकदम अंतर दुप्पट करायचं, मांड्या आणि कुल्ले बळकट करणारे व्यायाम टाळायचे, दुखत असताना तसंच दामटायचं. यात दोष गुडघ्यांचा नाही.

"दुखतंय म्हणजे लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय"

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावरून मागे वळायचं आणि तोच घाट उतरून परत यायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सगळी तयारी चढाची केली होती. भुरभुर पाऊस, दरीतून वर येणारं धुकं, कडेला ढोल वाजवणारी पोरं. चढ व्यवस्थित पार पडला. उतारावर मोकळी सुटले. खरा हिशेब दुसऱ्या दिवशी आणि त्याहून जास्त तिसऱ्या दिवशी चुकवावा लागला. घराचा जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरून, आडवी होऊन एकेक पायरी उतरत होते. चढताना मात्र काही होत नव्हतं.

त्याचं कारण असं. उतारावर मांडीचा स्नायू ब्रेकसारखं काम करतो. तो ताणला जात असतानाच जोर लावतो. त्यात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते आणि तिच्या दुखण्याची तीव्रता एक ते तीन दिवसांनी शिगेला पोचते. लॅक्टेट तर धाव संपल्यावर तासाभरात रक्तातून बरंचसं निघून गेलेलं असतं. ते तिसऱ्या दिवशी दुखवायला उरत नाही. यातली चांगली गोष्ट म्हणजे स्नायू शिकतात. तसाच उतार काही आठवड्यांनी पुन्हा धावलं तर दुखणं पुष्कळ कमी होतं. म्हणून आता साताऱ्याआधी मी उताराचाही सराव करते, आणि नवख्यांना तेच सांगते.

"एकवीस जमलं, म्हणजे बेचाळीस जमेलच"

हा आमचा, धावणाऱ्यांचा गैरसमज. ढोबळ हिशेब असा की एक किलोमीटर धावायला वजनाच्या दर किलोमागे सुमारे एक कॅलरी लागते. साठ किलोच्या माणसाला अर्ध्या मॅरेथॉनला साधारण १,२६० आणि पूर्णला २,५०० च्या वर. शरीरात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, भरून साधारण १,६०० ते २,००० कॅलरींची असते. चरबीही जळत असते, पण वेग जास्त असेल तर भार साखरेवर पडतो. अर्धी शर्यत या शिलकीत निभावते, पूर्ण निभावत नाही. तिशीच्या किलोमीटरांत पाय शिशाचे होतात ते यामुळे.

मी मुंबईत पूर्ण अंतर धावले तेव्हा परतीच्या वाटेवर, पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पेडर रोडचा चढ लागला. एरवी तो चढ काही मोठा नव्हे. पण शिल्लक नेमकी तिथे संपत आलेली असते. फुटपाथवर सात-आठ वर्षांची एक मुलगी स्टीलच्या ताटलीत संत्र्याच्या सोललेल्या फोडी घेऊन उभी होती, फोडींवर मीठ भुरभुरलेलं. तिचा हात दुखत असणार, कारण दुसऱ्या हाताने तिने कोपराला आधार दिला होता. त्या दोन फोडींची चव अजून जिभेवर आहे. तिला माझा नंबर विचारायचा नव्हता.

म्हणून पूर्ण अंतराला वाटेत खाणं लागतंच: जेल, खजूर, चिक्की, केळं, जे पोटाला मानवेल ते. आणि ते सरावात खाऊन बघितलेलं असावं, शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा नाही.

"जितकं पाणी प्याल तितकं चांगलं"

इथे मला जरा थांबायचंय, कारण हा सल्ला प्रेमाने दिला जातो आणि घातक ठरू शकतो. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यतीच्या शेवटी तपासलं गेलं. त्यांतल्या १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियमचं प्रमाण घटलेलं होतं. सगळ्यांत ठळक धागा सापडला तो असा, की त्यांचं वजन धावून कमी होण्याऐवजी वाढलं होतं. म्हणजे घामातून गेलं त्यापेक्षा जास्त पाणी पोटात गेलं होतं. चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांत हे अधिक दिसलं. उघड आहे, हळू धावणारा प्रत्येक टेबलापाशी थांबू शकतो आणि घामही कमी गाळतो. डोकं दुखणं, मळमळ, भांबावल्यासारखं होणं ही लक्षणं आपल्याकडे सरळ "पाणी कमी पडलं" म्हणून धरली जातात आणि त्या माणसाला आणखी पाणी पाजलं जातं.

तहान लागेल तसं, घोट घोट प्यावं. आपल्याकडच्या उकाड्यात तहान पुष्कळ लागते, ती मारू नये. पण तहान नसताना ढोसूही नये. आणि धावण्याआधी वेदनाशामक गोळी घेण्याची जी पद्धत पडली आहे, ती बंद करा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांचा मूत्रपिंडावर ताण येतो, आणि घाम गाळत तासन् तास धावताना मूत्रपिंड आधीच ताणाखाली असतं. आमच्या गटातल्या एकाला शर्यतीनंतर दोन दिवस सलाइनवर राहावं लागलं. गोळी त्याने दुखायच्या आधीच, खबरदारी म्हणून घेतली होती.

"मॅरेथॉनमध्ये माणसं कोसळून मरतात"

बातमी येते तेव्हा घरच्यांच्या पोटात गोळा येतो, ते मी समजू शकते. अमेरिकेत २००० ते २०१० या काळातल्या अर्ध्या आणि पूर्ण मॅरेथॉनमधल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंचा मागोवा घेतला गेला. हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना आढळल्या, म्हणजे साधारण १ लाख ८४ हजारांत एक. प्रमाण पूर्ण अंतरात अर्ध्यापेक्षा जास्त होतं आणि पुरुषांत स्त्रियांपेक्षा जास्त. बहुतेकांच्या हृदयात आधीचाच, न कळलेला दोष होता. तेव्हा घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. छातीत दडपण किंवा घेरी आली तर त्याच जागी थांबा. पदक पुढच्या वर्षीही मिळेल. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. जे वाचले त्यांच्यापैकी बहुतेकांना शेजारच्या कुणीतरी ताबडतोब छाती दाबून सीपीआर दिला होता. प्रत्येक धावणाऱ्याने तो शिकून घ्यावा.

"आयोजकांनी अंतर जास्त ठेवलं, माझं घड्याळ २१.४ दाखवतंय"

प्रमाणित मार्ग सायकलने मोजतात. पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र लावलेलं असतं, आणि स्टीलच्या टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल आधी आणि नंतरही चालवून चाकाचा हिशेब लावतात, कारण उन्हाने टायरमधली हवा फुगली तरी मापात फरक पडतो. मोजणारा वळणाच्या कडेपासून फक्त ३० सेंटिमीटर अंतर ठेवून सर्वांत जवळच्या रेषेने जातो. वर दर किलोमीटरला एक मीटर मुद्दाम वाढवतात, म्हणजे मार्ग चुकूनही कमी भरू नये. आपण मात्र गर्दीतून नागमोडी धावतो, पाण्याच्या टेबलाकडे तिरपे जातो, वळणं बाहेरून घेतो. एक मीटर बाहेरून एक पूर्ण वळसा घेतला तरी सहा मीटरहून जास्त वाढतात. उंच इमारतींमध्ये घड्याळाचा उपग्रहाशी संपर्कही डळमळतो. गावोगावच्या सगळ्याच शर्यती अशा मोजलेल्या नसतात, पण मोजलेल्या मार्गाशी घड्याळाचं भांडण झालं तर मी मार्गावर विश्वास ठेवते.

"चाललं म्हणजे हरलं", "वय झालं"

जेफ गॅलोवे १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेकडून धावले. धावण्यात ठरावीक अंतराने चालण्याचे टप्पे घालण्याची पद्धत त्यांनीच लोकप्रिय केली. पाय पूर्ण थकल्यावर नाही, तर पहिल्या किलोमीटरांपासून ठरवून चालायचं. वयाचं म्हणाल तर बारामतीच्या लता भगवान करे साठीनंतर, नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या, तेही पतीच्या उपचारांच्या पैशांसाठी. ती गरिबीची गोष्ट आहे, तिचं कौतुक करताना ते विसरू नये. पण पाय कोणत्या वयापर्यंत चालतात याचं उत्तर त्यात आहे.

राहिला शेवटी येणाऱ्यांचा प्रश्न. दोन तासांत पळून जाणारा धावपटू ऊन चढायच्या आत सावलीत बसलेला असतो. सहा तास घेणारा त्याच्या तिप्पट वेळ पायांवर असतो, आणि त्यातले शेवटचे तास मुंबईच्या अकरा-साडेअकराच्या उन्हात. तोवर बघ्यांची गर्दी पांगते, ढोल थांबतात. तुमच्या गावात पुढची शर्यत होईल तेव्हा पहिले धावपटू गेले म्हणून घरात जाऊ नका. शेवटचा माणूस जाईपर्यंत थांबा, आणि जमलं तर संत्र्याच्या फोडींना मीठ लावून उभे राहा.