एकाचं बुडालं, दहांनी भरलं

१९३० नंतरच्या मंदीत मध्यप्रांत-वऱ्हाडातली सहकारी पतव्यवस्था कोलमडली, तेव्हा तिचा घाव सगळ्यात आधी बसला तो खेड्यातल्या सोसायटीवर. थकबाकी फार झाली की रजिस्ट्रार सोसायटीची नोंदणी रद्द करी आणि तिच्यावर अवसायक नेमी. १९१२ च्या सहकारी संस्था कायद्यातल्या ४२व्या कलमानं या अवसायकाला एक जबरदस्त अधिकार दिला होता. सोसायटीचं देणं फेडायला कोणत्या सभासदानं किती रक्कम घालायची, हे तो ठरवू शके. त्याचा हुकूम दिवाणी न्यायालयातून डिक्रीसारखा बजावला जाई. बुडालेल्या बँकेवर रिसीव्हर येतो तो तिची उरलीसुरली मालमत्ता गोळा करायला. इथे सोसायटीकडे मालमत्ता म्हणावी असं काही नसेच. होते ते सभासद.

हे असं का, ते भंडाऱ्याच्या शेतीकडे पाहिलं की कळतं. तेव्हा या जिल्ह्यात आजचा गोंदियाही होता. मुलूख धानाचा. कोहळ्यांनी बांधलेले तलाव, त्यांच्या पाण्यावर भिजणाऱ्या बांध्या, आणि तयार तांदूळ तुमसरच्या बाजारात. गाव मालगुजाराचं, कसणारं कूळ. मौरूसी कुळाचा जमिनीवरचा हक्क १९२० च्या कूळ कायद्यानं पक्का होता, पण ती जमीन त्याला मनाला येईल तशी विकता येत नसे की गहाण टाकता येत नसे. अशा माणसाला बियाण्यासाठी, बैलासाठी पैसे द्यायचे तर तारण कशाचं घेणार? सावकार ती जोखीम व्याजात वसूल करी. सहकारानं वेगळी वाट काढली. किमान दहा जणांनी एकत्र यायचं आणि एकमेकांच्या कर्जाला सगळ्यांनी मिळून जामीन राहायचं. कायद्याच्या भाषेत ही अमर्यादित जबाबदारी, आणि शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सोसायटीला ती सक्तीचीच होती.

या पायावर मध्यप्रांतात तीन मजली इमारत उभी राहिली. खाली गावची सोसायटी, मधे सेंट्रल बँक, वर १९१२ साली स्थापन झालेली प्रांतिक बँक. एच. आर. क्रॉस्थवेट या रजिस्ट्रारनं ही रचना बसवली आणि तिच्यावर पुस्तकही लिहिलं. कल्पना मनापासूनची होती, हे मी मानतो. शेजाऱ्याला शेजारी ओळखतो, तो उधळ्याला कर्ज मिळू देणार नाही, हे गृहीतक चुकीचं म्हणता येणार नाही. पण शेजारी माणूस ओळखू शकतो, जगाचा बाजारभाव नव्हे. सेंट्रल बँकेत शहरातल्या लोकांच्या ठेवी होत्या, त्या मुदतीला परत द्यायच्या होत्या. सोसायटीचा पैसा मात्र धानाच्या बांधीत अडकलेला. १९२०-२१ च्या दुष्काळानं या विसंगतीची पहिली चुणूक दाखवली, आणि १९२२ साली किंग समितीला चौकशी करावी लागली. शहाणं व्हायला तेवढी सूचना पुरेशी होती.

मग मंदी आली. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या शेतमालाची किंमत १९२८-२९ साली हजार कोटी रुपयांच्या वर होती, ती १९३३-३४ पर्यंत पाचशे कोटींच्या खाली गेली. धानाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. कर्जाचा आकडा मात्र जिथल्या तिथे, त्यामुळे तेच कर्ज फेडायला दुप्पट धान विकावं लागे. सरकारचा सारा आणि मालगुजाराची पट्टी भावासोबत उतरत नव्हती. घरातलं सोनं मोडून लोकांनी दोन-तीन हंगाम काढले. सोसायटीत याच काळात ‘नवं-जुनं’ फोफावलं. जुनं कर्ज फिटलं असं वहीत लिहायचं, त्याच दिवशी व्याज मिळवून नवं कर्ज नावे टाकायचं. पैसा हलतच नसे. सेंट्रल बँकेच्या ताळेबंदात मात्र वसुली झालेली दिसे. पुढे हे सोंगही निभेना, तेव्हा अवसायक आला.

त्याचं काम कसं चाले ते एका काल्पनिक सोसायटीवरून पाहू. वीस सभासद, सेंट्रल बँकेचं देणं ४,००० रुपये. थकबाकीदारांच्या जप्त्या करून १,५०० निघाले. उरलेले २,५०० वीस जणांवर वाटले, माणशी १२५. त्यातल्या दहांकडे विकायलाही काही नाही. त्यांचे १,२५० पुन्हा उरलेल्या दहांवर. म्हणजे ज्यानं आपलं कर्ज शेवटच्या पैपर्यंत फेडलं, त्याच्या नावावर २५० रुपये. प्रत्यक्षात अवसायक ऐपत पाहून कमीजास्त करी, पण ओझं सरकायची दिशा हीच. ज्याच्याकडे काही शिल्लक आहे, त्याच्याकडे. सभासदत्व सोडलेला माणूसही दोन वर्षं यातून सुटत नसे, आणि मेलेल्याची इस्टेट एक वर्ष बांधलेली राही. गावात सहकाराबद्दल जी अढी बसली, ती अडाणीपणानं बसली असं लिहिलेलं वाचलं की मला राग येतो. नेकीनं वागणाऱ्याला शेजाऱ्याचं कर्ज भरावं लागलं, हे त्या माणसानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

वऱ्हाडात गोष्ट आणखी पुढे गेली. तिथे रयतवारी, जमीन विकता येणारी. लिलावाला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा सेंट्रल बँकांनी स्वतःच बोली लावून जमिनी घेतल्या. ठेवीदाराला हवी होती रोकड, आणि बँकेच्या हाती आली कापसाची पडीक रानं. प्रांतिक सरकारनं १९३३ साली कर्ज तडजोड कायदा करून मंडळं नेमली. सावकाराच्या कर्जात त्यामुळे काही सूट मिळाली, सहकाराचं दुखणं मात्र त्यानं बरं झालं नाही.

अमर्यादित जबाबदारीवरचा विश्वास पुढे धोरणकर्त्यांचाही उडाला. १९५४ साली गोरवाला समितीनं मर्यादित जबाबदारीच्या मोठ्या सोसायट्यांची शिफारस केली. ठेवीदाराला संरक्षण मिळायला आणखी एक धक्का लागला. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली, आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला, माणशी १,५०० रुपयांपर्यंत. सहकारी बँकांना तो लागू करणारी दुरुस्ती १९६८ ची. आज ही मर्यादा ५ लाख आहे.

नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रानं परवाना नसलेल्या २३ जिल्हा सहकारी बँकांना भांडवल पुरवायची सुमारे २,३७५ कोटींची योजना मंजूर केली. महाराष्ट्रातल्या तीन बँका त्यात होत्या, तिन्ही विदर्भातल्या: नागपूर, वर्धा, बुलढाणा. हा भार केंद्र, राज्य आणि नाबार्ड यांनी वाटून घेतला. कर्ज फेडून मोकळ्या झालेल्या शेतकऱ्याला त्यासाठी नोटीस काढावी लागली नाही.