ग्रामसभेची वही

गावात जत्रा भरते. सप्ताह बसतो. कुस्त्यांचा फड रंगतो. या सगळ्याला आपण हौसेने जातो. वर्गणी देतो, मांडव घालतो, पंगतीत वाढतो. गावाचे आणखी एक काम असते. त्याला मात्र बोलावले तरी आपण जात नाही. ते काम म्हणजे ग्रामसभा.

जत्रा चुकली तर पुढच्या वर्षी पुन्हा येते. ग्रामसभा चुकली, तर वस्तीचा नळ दुसरीकडे जातो. घरकुलाच्या यादीतले नाव राहते. म्हणून ग्रामसभा काय असते, ते नीट समजून घेऊ.

ग्रामसभा म्हणजे कोण?

पुष्कळांना वाटते, ग्रामसभा म्हणजे सरपंच आणि पंच. तसे नाही. ती झाली ग्रामपंचायत. तिच्यात गावाच्या लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ सभासद निवडून येतात. ग्रामसभेत मात्र सारा गाव असतो. गावच्या मतदार यादीत ज्याचे नाव, तो ग्रामसभेचा सभासद. बाई असो की बाप्या, बागाईतदार असो की मजूर. निवडून यावे लागत नाही, की वर्गणी भरावी लागत नाही.

आपल्या महाराष्ट्राचा ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ सालचा आहे. पुढे १९९३ साली घटनादुरुस्ती अंमलात आली आणि ग्रामसभेला देशाच्या राज्यघटनेत जागा मिळाली. तेव्हा ग्रामसभा भरवणे ही कुणाची मेहेरबानी नव्हे. तो आपला हक्क आहे.

सभा कधी भरते?

एप्रिल ते मार्च या वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला पाहिजेत. सभेची नोटीस सात दिवस आधी लागते. नोटिशीत सभेचा दिवस, वेळ, जागा आणि विषय लिहिलेले असतात. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यावी, असेही कायदा सांगतो. चारचौघांत ज्या बायांना बोलवत नाही, त्यांनी आपले म्हणणे तिथे मांडावे.

सभेला किती माणसे हवीत? मतदारांपैकी शेकडा १५, किंवा १०० माणसे. यांत जो आकडा लहान असेल तेवढी माणसे पुरतात. गावात ५०० मतदार असले तर ७५ माणसे हवीत. २,००० मतदार असले तर १०० पुरतात. याला गणपूर्ती म्हणतात.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा. गणपूर्ती झाली नाही, तर सभा तहकूब होते, म्हणजे पुढे ढकलतात. त्या पुढच्या सभेला मात्र गणपूर्तीची अट नसते. दहा माणसे आली तरी कामकाज चालते. म्हणजे आपण घरी बसलो म्हणून निर्णय थांबत नाही. तो फक्त आपल्यावाचून होतो.

सभेपुढे काय येते?

वर्षाच्या पहिल्या सभेपुढे पंचायतीने मागच्या सालाचा जमाखर्च ठेवायचा असतो. पुढच्या सालात काय कामे करायची, तेही सांगायचे असते. सरकारी योजनेचा लाभ कुणाला द्यायचा, ती नावे ग्रामसभेत ठरतात. रस्ता, गटार, पाणी, शाळेची भिंत, सगळ्याबद्दल विचारता येते. घरपट्टी आपण भरतो, तेव्हा ती कुठे गेली हे विचारण्यात लाज कसली?

जे ठरते, त्याला ठराव म्हणतात. तो वहीत लिहितात. लिहिण्याचे काम ग्रामसेवकाचे. २०२४ सालापासून या पदाला ग्रामपंचायत अधिकारी असे नाव मिळाले आहे. पुढे तालुक्याला, जिल्ह्याला ही वहीच पुरावा म्हणून चालते. सभेत तुम्ही तासभर बोललात आणि वहीत ओळ आली नाही, तर कागदोपत्री तुम्ही बोललाच नाहीत.

अंगठा आणि सही

एका गावी मी पाहिलेली हकीकत सांगतो. सभेला माणसे कमी पडली. संध्याकाळी शिपाई वही घेऊन घरोघर निघाला. एका म्हातारीला म्हणाला, "मावशी, अंगठा द्या. सभेला आला होता म्हणून."

"सभा कवा झाली?"

"झाली सकाळी. तुम्ही द्या अंगठा."

तिने दिला. शेजारणींनीही दिला. दोन महिन्यांनी नळाची लाईन गावाच्या दुसऱ्या अंगाला गेली. वस्तीतल्या बाया पंचायतीत गेल्या. उत्तर मिळाले, "ठराव एकमताने झालाय. तुमचेच अंगठे आहेत बघा." वहीत अंगठे होते. तो सारा उन्हाळा त्या बायांनी लांबच्या विहिरीवरून पाणी वाहिले.

पुढे त्या वस्तीत साक्षरतेचा वर्ग निघाला. म्हातारी अक्षर ओळखायला शिकली. पुन्हा शिपाई आला, तेव्हा तिने वही हातात घेतली. अक्षराखाली बोट ठेवून वर काय लिहिले आहे ते पाहू लागली. वर काहीच नव्हते. पान कोरे होते. तिने वही परत दिली. म्हणाली, "कोऱ्या कागदावर सही न्हाई व्हायची. सभेला बोलवा, तिथं करीन."

आपण काय करावे?

१. नोटीस स्वतः वाचा. विषय कोणते आहेत ते पाहा. शेजाऱ्यालाही वाचून दाखवा.

२. आपले काम असेल, तर सभेच्या आधी अर्ज लिहून पंचायतीत द्या. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

३. मजुरी बुडते, हे खरे आहे. म्हणून सभेची वेळ कामाचे दिवस पाहून ठेवा, असा आग्रह धरा.

४. सभेत थोडके आणि मुद्द्याचे बोला. मागची भांडणे उकरू नका.

५. ठराव लिहून झाला की मोठ्याने वाचायला सांगा. ठरावाचा नंबर टिपून घ्या. मगच सही करा.

६. पुढे शंका आली, तर माहितीच्या अधिकाराखाली ठरावाची नक्कल मागा. हा कायदा २००५ सालचा आहे. अर्जाची फी १० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे.

गाव करी ते राव न करी

ग्रामसभेच्या बळावर काय होते, ते तीन गावांनी दाखवले आहे.

नगर तालुक्यातले हिवरे बाजार हे दुष्काळी गाव. १९८९ साली पोपटराव पवार तिथे सरपंच झाले. शेतीसाठी बोअर पाडायची नाही, असे गावाने ठरवले. दर साली पाऊस किती झाला, पाणी किती आहे, याचा हिशेब ग्रामसभेत मांडतात. त्यावर पिके ठरतात.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावात सगळ्यांचे एकमत झाल्यावरच निर्णय होतो. या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये ठराव केला. नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढले आणि इतर ग्रामपंचायतींनीही असे करावे, असे सांगितले.

ही गावे काही आभाळातून पडलेली नाहीत. तिथली माणसे सभेला बसली, बोलली, आणि जे ठरले ते त्यांनी पाळले.

तुम्ही आता वाचायला शिकलात. पोथी वाचा, एसटीची पाटी वाचा. तशी ग्रामसभेची वहीही वाचा.

विचार करा

१. तुमच्या गावात मागची ग्रामसभा कधी झाली?
२. त्या सभेत कोणते ठराव झाले?
३. वहीत तुमची सही आहे काय? असेल, तर ती कोणत्या ठरावाखाली आहे?