चार आण्यांची विहीर

आमच्या वस्तीवर रविवारी पुण्याची गाडी आली की पोरंसुद्धा सांगतात, "जमीन पाहायला आलेत." वस्ती म्हणजे सात-आठ घरं, पारनेर तालुक्यात, नगर-कल्याण रस्त्यावरच्या भाळवणीपासून आत. गाडीतली माणसं उतरली की आधी डोंगराकडे बघतात, मग मोबाईलला रेंज आहे का ते बघतात. सोबतचा एजंट हात फिरवून "ह्या लिंबापासून त्या बांधापर्यंत" असं दाखवतो. मी बँकेत कृषी अधिकारी होते. पीककर्जाच्या फायलींतले सातबारे वाचण्यात नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर नवऱ्याच्या वाट्याला आलेल्या रानात घर बांधून राहिले. त्यामुळे एजंटाचा हात फिरत असताना मी एवढंच बघत असते, की ही मंडळी विहिरीचं कधी विचारतात.

बहुतेक जण विचारतच नाहीत. हवा चांगली आहे म्हणतात.

माझ्या भावाचा मुलगा कॉम्प्युटरवाला. कुठूनही काम करता येतं म्हणून काही महिने इंडोनेशियात, बालीला एका खेड्यात राहून आला. भाताची पायऱ्यापायऱ्यांची शेतं, बांबूचं घर, स्वस्त जेवण. तिथंच पैसे गुंतवावेत असं त्याच्या मनात भरलं. मी म्हटलं, कागद दाखव. तर कागद निघाला भाडेपट्ट्याचा, पंचवीस वर्षांचा. इंडोनेशियाच्या 1960 च्या जमीन कायद्यानं पूर्ण मालकी, त्यांच्या भाषेत 'हाक मिलिक', फक्त तिथल्या नागरिकाला मिळते. परक्यानं वापराचा हक्क घ्यायचा किंवा पट्ट्यानं राहायचं. मुदत संपली की जमीन मूळ मालकाची. मग काही जण तिथल्याच एखाद्याच्या नावावर जमीन घेतात आणि त्याच्याशी आतून करार करतात. उद्या तो माणूस उलटला तर कोर्टात जायलाही तोंड नाही, कारण करारच कायद्याला बगल देण्यासाठी केलेला.

भाच्याला हे फार जुलमी वाटलं. "आत्या, यापेक्षा तुझ्या शेजारी घेतो." म्हटलं, बाबा रे, तू पारनेरातसुद्धा परदेशीच आहेस.

खरंच आहे ते. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम 1948 चा. त्याचं कलम 63 सांगतं की जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. माझ्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या नोकऱ्या. शेतीचा एक गुंठा नाही. म्हणजे भाच्याचा शेतकरी दाखला निघणार नाही. यावर एजंटांचा तोडगा तयार असतो: "गावातल्या ओळखीच्याच्या नावावर घ्या, नंतर बघू." म्हणजे बालीतलाच खेळ, फक्त भाषा मराठी. असा व्यवहार उघडकीला आला तर अवैध ठरतो आणि जमीन सरकारजमासुद्धा होऊ शकते, हे एजंट सांगत नाही.

शेतकरी दाखला असला तरी पुढचं वाचन सातबाऱ्याचं. लोक वरचं नाव आणि क्षेत्र बघून उतारा घडी करतात. मी आधी 'इतर हक्क' वाचते. सोसायटीचा बोजा तिथं, बहिणींची नावं तिथं, विहिरीतला हिस्सा तिथं. वर भोगवटादार वर्ग 2 दिसलं तर शासनाच्या परवानगीशिवाय विक्री नाही, मग एजंटानं कितीही शपथा घेतल्या तरी. पोटखराबा किती आहे तेही पाहायचं. हिरवाईचा फोटो आश्विनातला असतो आणि त्यातलं निम्मं रान खडकच निघतं. भंडारदऱ्याच्या धरणाकाठी भुलून अकोले तालुक्यात जाणाऱ्यांना तर मी आधीच थांबवते. महसूल अधिनियमाच्या कलम 36 अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला अशी सहज घेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. कळसूबाईच्या पायथ्याची सगळी रानं आम्ही शहरवाल्यांनी कधीच गिळली असती.

'अकरा गुंठ्यांचं फार्महाऊस' अशा पाट्या हल्ली सुप्यापासून दिसायला लागतात. ऑगस्ट 2023 मध्ये प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा विकता येत नाही ते, जिरायतीसाठी 20 गुंठे आणि बागायतीसाठी 10 गुंठे ठरलं. आता कोरड्या माळाला बागायत म्हणायचं तर कागदावर पाणी लागतं. ते कुठून येतं हे भाऊसाहेबांना विचारा. (तलाठी हे पद आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, आमच्या तोंडात भाऊसाहेबच.)

आमची विहीर सामाईक आहे आणि तिच्यात माझे चार आणे. सोळा आण्यांतले चार म्हणजे आठवड्यातले पावणेदोन दिवस. सोमवारी सकाळी सहाला स्टार्टर माझा. मंगळवारी मध्यरात्री तो शेजारच्या अण्णांचा. या बेचाळीस तासांत शेतीची थ्री फेज लाईट येणार आठ-आठ तास, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची असली की बॅटरी, काठी आणि मोबाईलवर मोठ्यानं भजन, कारण बिबट्या आता या भागात पाहुणा राहिलेला नाही. लाईट गेली, मोटर जळली, तर ती पाळी गेली. पुढच्या आठवड्यात भरून मिळत नाही. मार्चनंतर विहीर तासाभरातच तळ दाखवते. मग मोटर बंद करून झरे भरायची वाट बघायची, पुन्हा चालू करायची. एवढ्या पाण्यात कांदा धरायचा की नुसती ज्वारी, हे कार्तिकातच ठरवावं लागतं.

आणि या चार आण्यांच्या आत आणखी एक हिशेब चालतो, जो कुठल्याच उताऱ्यावर नाही. अण्णांच्या घरी लग्न होतं तेव्हा मी माझी पाळी त्यांना दिली. वैशाखात माझी लिंबोणी सुकायला लागली तेव्हा त्यांनी न विचारता दोन तास पाणी सोडलं. अण्णांच्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "मॅडम, झाडाला काय कळतं पाळी कोनाची ते." आमच्याच भावकीतल्या एकाचा हिस्सा पुण्याच्या एका निवृत्त गृहस्थांनी घेतला. माणूस सज्जन, पैसेही रोख मोजलेले. त्यांनी आल्याआल्या तारेचं कुंपण घातलं आणि त्यात बायकांची डेअरीला दूध न्यायची पायवाट बंद झाली. कागद त्यांच्या बाजूचा होता, वहिवाट बायकांची. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 अशाच रस्त्यांसाठी आहे. तहसीलदारांकडे अर्ज टाकायची भाषा सुरू झाली. उन्हाळ्यात त्यांच्या पाळीला मोटर अडकली तर मदतीला कोणी फिरकेना. शेवटी त्यांनी कुंपणाला फाटक बसवलं, कुलूप न लावता. त्यानंतर मोटर पाच मिनिटांत दुरुस्त झाली, म्हणे फक्त फ्यूज गेला होता.

इथून हिवरे बाजार फार लांब नाही. त्या गावात गुंतवणूक करायला बाहेरचा माणूस जाऊच शकत नाही, कारण बाहेरच्याला जमीन विकायची नाही असं ग्रामसभेनंच ठरवलेलं. 1972 च्या दुष्काळानंतर हे गाव पार खचलं होतं, माणसं कामाला बाहेर जात होती. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, पुढं गाव आदर्श गाव योजनेत आलं. डोंगरावर समतल चर, ओढ्याला बांध, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. पण मला त्यात सगळ्यात धाडसाचं वाटतं ते शेतीसाठी बोअर घ्यायची नाही आणि ऊस लावायचा नाही, हे. जिथं पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास, तिथं पावसाळा संपल्यावर गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं: किती पडलं, प्यायला किती, जनावरांना किती, उरलं त्यात कोणती पिकं. एकानं पाचशे फूट खाली जायचं आणि बाकीच्यांच्या विहिरी कोरड्या करायच्या, ही सोयच काढून टाकली. 1995 च्या सुमाराला दरडोई उत्पन्न वर्षाला 830 रुपये होतं, ते 2012 पर्यंत 30 हजारांच्या घरात गेलं. बाहेर गेलेली कुटुंबं परत आली. पवारांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

जमीन न विकण्याचा ठराव पहिल्यांदा ऐकला तेव्हा बँकेतल्या माझ्या डोक्याला तो पटेना. बाजारभाव मिळू नये, हे कसलं हित? आता विहिरीवर राहून पटतो. बाहेरचा माणूस पैसे असल्यामुळं पहिल्याच उन्हाळ्यात बोअर घेतो. त्याला वर्षभर तग धरायचा नसतो, हिरवळ हवी असते. बालीतही भाताचं पाणी 'सुबाक' नावाची शेतकऱ्यांची मंडळं देवळांच्या आधारानं वाटून घेतात; युनेस्कोनं 2012 मध्ये ती जागतिक वारसा म्हणून नोंदली. त्याच बेटावर भातखाचरं मोडून व्हिला उठताहेत, आणि पाटाच्या वरच्या अंगाचं एक खाचर गेलं की खालच्यांची पंचाईत होते. भाचा त्याच व्हिलांपैकी एकात राहिला होता. माझं बोलणं त्यानं निमूट ऐकलं, एवढं श्रेय त्याला देते.

तरी गावात पैसा घालू नये असं माझं म्हणणं नाही. मी स्वतः जमीन वाढवली नाही. पैसा विहिरीचा गाळ काढायला आणि कांदाचाळीला घातला. चाळीमुळं कांदा काढल्याकाढल्या मातीमोल भावानं विकावा लागत नाही, पाऊस लागेपर्यंत थांबता येतं. तेही थांबूनसुद्धा भाव मिळेलच असं नाही, पण निदान घाई आपली नसते. राहायला येऊ म्हणणाऱ्यांना मी एकच सुचवते: चैत्र-वैशाखात खोली भाड्यानं घेऊन राहा, मग मोजणीची फी भरा. बरेच जण मेच्या दुसऱ्या आठवड्यात परत जातात.

भाचा राहिला. जमीन काही घेता येत नव्हती, म्हणून त्यानं अण्णांच्या सुनेला दोन संगमनेरी शेळ्या अर्धलीनं दिल्या. शेळ्या त्याच्या पैशाच्या, सांभाळ तिचा, होणारी करडं निम्मी-निम्मी. याला सातबारा लागत नाही, शेतकरी दाखला लागत नाही. पहिल्या वेताला एक पाट आणि एक बोकड झाला. पाट तिनं ठेवून घेतली. बोकड भाच्याच्या वाट्याचा, आणि तो बकरी ईदच्या आधी विकायचा की आणखी वजन धरू द्यायचं, यावर परवा दोघांचा फोनवर चांगला अर्धा तास वाद चालला होता. सून म्हणत होती, "दादा, चारा मी घालते, मला विचारा."