खेड्यांतील डॉक्टर आणि त्याचा शोधनिबंध

रोग्याच्या खाटेजवळ मिळालेलें ज्ञान पुष्कळदां डॉक्टराबरोबरच नाहींसें होतें. एकाच तालुक्यांत तीस-चाळीस वर्षें वैद्यकी केलेल्या माणसाला तेथील ताप, दंश, विषबाधा आणि बाळंतपणें यांविषयीं जें उमगलेलें असतें, तें सारें ग्रंथांत सांपडत नाहीं. तें लिहिलें गेलें नाहीं म्हणजे शेजारच्या तालुक्यांतील तरुण डॉक्टराला त्याच चुका करीत पुन्हां पहिल्यापासून शिकावें लागतें, आणि त्या शिक्षणाची किंमत रोगी देतात. ही हानि टाळण्याचें साधन म्हणजे शोधनिबंध. तो लिहिणें हें मोठ्या शहरांतील प्राध्यापकांचें काम, अशी समजूत रूढ आहे. ती किती चुकीची आहे, हें जालना जिल्ह्यांत जन्मलेल्या एका डॉक्टराच्या उदाहरणावरून चांगलें कळतें.

भोकरदन तालुक्यांत देहेड नांवाचें गांव आहे. हिंमतराव साळुबा बावस्कर यांचा जन्म तेथें १९५१ सालीं झाला. जालना त्या वेळीं स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो १ मे १९८१ रोजीं झाला. नागपूर येथें वैद्यकीचें शिक्षण घेऊन बावस्कर १९७६ सालीं महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. त्या काळीं तो भाग कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. आतां त्याचें नांव रायगड. कोंकणच्या त्या पट्ट्यांत लाल विंचू फार. त्याच्या दंशानें धडधाकट माणसें, विशेषतः मुलें, एक-दोन दिवसांत दगावत. विंचू चावला म्हणजे वेदना होणार, आणि वेदना थांबली म्हणजे धोका टळला, असा लोकांचा समज होता.

बावस्करांनीं रोग्यांच्या उशाशीं बसून जें घडलें तें क्रमानें टिपून ठेवलें, आणि त्या टिपणांतून निराळेंच चित्र उभें राहिलें. ज्याला ओकाऱ्या होतात, दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, तो रोगी वेदनेनें फारसा विव्हळत नसला तरी धोक्यांत असतो. विंचवाच्या विषानें मज्जातंतु उद्दीपित होतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो, हृदयावर भार पडतो, आणि शेवटीं फुप्फुसांत पाणी सांचून रोगी गुदमरतो. पहिल्या कांहीं तासांतील साध्या दिसणाऱ्या लक्षणांवरून पुढील संकट ओळखतां येतें, हा त्या निरीक्षणांचा निष्कर्ष. हृदयासंबंधींच्या या पूर्वसूचक लक्षणांवरील त्यांचा निबंध १९८२ सालीं लंडनच्या ‘लॅन्सेट’ या पत्रांत प्रसिद्ध झाला. हें पत्र १८२३ सालीं निघालें असून वैद्यकाच्या जगांत त्याचा अधिकार मोठा आहे.

त्यापुढील प्रश्न उपचाराचा होता. आकुंचित रक्तवाहिन्या सैल करणारें ‘प्राझोसिन’ हें औषध रक्तदाबाच्या विकारांत वापरलें जात होतें. तें पोटांत देतां येतें, स्वस्त आहे, आणि त्यासाठीं मोठ्या रुग्णालयांतील यंत्रसामग्री लागत नाहीं. विंचवाच्या दंशांत त्याचा काय उपयोग होतो, हें बावस्कर यांनीं पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह १९८६ सालीं त्याच पत्रांत मांडलें. तें लिखाण लहानसें होतें. परंतु त्यानें दाखविलेल्या वाटेनें पुढें दंशाच्या गंभीर रोग्यांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा तीसच्या आसपास होतें तें एक-दोनवर आलें.

पुढें विंचवावरील प्रतिविष उपलब्ध झालें, तेव्हां तिसरा प्रश्न उभा राहिला : प्राझोसिन एकटें द्यावें कीं प्रतिविषाच्या जोडीनें द्यावें? महाड येथें सत्तर रोगी घेण्यांत आले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणें, कोणाच्याहि आवडी-निवडीस वाव न ठेवतां, त्यांचे पस्तीस-पस्तीसचे दोन गट पाडण्यांत आले. दहा तासांच्या अखेरीस जोड-उपचार मिळालेल्या गटांत ३२ रोग्यांचीं लक्षणें पूर्ण ओसरलीं होतीं. केवळ प्राझोसिन मिळालेल्या गटांत तीं ८ रोग्यांचीं ओसरलीं होतीं. हा निबंध २०११ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नें छापला. २०२२ सालीं डॉ. बावस्करांना पद्मश्री देण्यांत आली.

या तीन लेखनांत शोधनिबंधाचें सारें शास्त्र सांठवलेलें आहे. पहिल्यांत लक्षणांचें निरीक्षण आहे, दुसऱ्यांत उपचाराचा अनुभव आहे, आणि तिसऱ्यांत दोन उपचारांची तुलना आहे. निरीक्षणाच्या बळावर उपचाराचा दावा करूं नये, आणि तुलनेवांचून एक औषध दुसऱ्याहून श्रेष्ठ म्हणूं नये. पुराव्याला पेलेल तेवढेंच लिहिणें, हा या कामांतील पहिला आणि शेवटचा नियम होय.

निबंधाचा आरंभ लेखणी हातीं घेण्याच्या फार पूर्वीं होतो. प्रश्न एकच आणि नेमका असावा. ‘सर्पदंशाचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे. ‘दंशानंतर किती तासांत रोगी रुग्णालयांत पोंचला, यावर त्याचें मूत्रपिंड वांचणें अवलंबून असतें काय?’ हा प्रश्न झाला. तो ठरला म्हणजे प्रत्येक रोग्यासाठीं एकाच नमुन्याचा तक्ता करावा : वय, दंशाची वेळ, येण्याची वेळ, नाडी, रक्तदाब, दिलेलें औषध, त्याचें प्रमाण, परिणाम. एका रोग्याचा रक्तदाब तासातासाला आणि दुसऱ्याचा आठवेल तेव्हां, असें झालें तर पुढें कितीहि विद्वत्ता खर्चिली तरी तें छिद्र बुजत नाहीं. दगावलेले रोगी आणि उपचार अर्धवट सोडून गेलेले रोगी यांचीहि गणना झालीच पाहिजे. त्यांना वगळून काढलेला निष्कर्ष म्हणजे नापास मुलांचीं नांवें खोडून लावलेला शाळेचा निकाल होय.

याच वेळीं परवानगीचाहि विचार करावा लागतो. रोगी हा प्रथम माणूस आहे, अभ्यासाचा विषय नंतर. माणसांवरील संशोधनाचे नीतिनियम जागतिक वैद्यक संघटनेनें १९६४ सालीं हेलसिंकी येथें जाहीर केले, आणि पुढें त्यांत वेळोवेळीं सुधारणा झाल्या. त्यांना अनुसरून नीति-समितीची मान्यता अभ्यासापूर्वीं घ्यावी. रोग्याची संमति त्याला समजेल अशा भाषेंत सर्व सांगून घ्यावी. परतूरच्या शेतकऱ्यास इंग्रजी कागदावर अंगठा उठवावयास लावणें ही संमति नव्हे. औषधाची चांचणी असेल तर पहिला रोगी घेण्यापूर्वींच तिची नोंद व्हावयास हवी. भारतांत त्यासाठीं २००७ पासून सरकारी नोंदवही आहे, आणि २००९ पासून अशी नोंद सक्तीची झाली आहे. नोंद आधीं झालेली असली म्हणजे निकाल मनासारखा न आल्यास मूळ प्रश्नच बदलून टाकण्याचा मोह होत नाहीं.

आतां प्रत्यक्ष लेखन. वैद्यकीय निबंधाची घडण बहुतेक सर्वत्र एकच असते : प्रस्तावना, पद्धति, निष्पत्ति आणि चर्चा. प्रश्न कां पडला, तो सोडविण्यास काय केलें, काय आढळलें, आणि त्याचा अर्थ काय, या चार प्रश्नांचीं तीं चार उत्तरें होत. वाचण्याचा क्रम हा असला तरी लिहिण्याचा क्रम निराळा ठेवणें सोयीचें पडतें. पद्धति प्रथम लिहावी. कारण ती ठरलेली असते. ती इतकी स्पष्ट असावी कीं दुसऱ्या जिल्ह्यांतील डॉक्टराला तोच अभ्यास पुन्हां करतां यावा. नंतर तक्ते मांडावेत व त्यांवरून निष्पत्ति लिहावी. तक्त्यांतील आंकडे मजकुरांत पुन्हां उतरून काढूं नयेत. परंतु दोहोंत मेळ मात्र असावा. तक्त्यांत सत्तर रोगी आणि मजकुरांत अडुसष्ट, एवढी एक चूक परीक्षकाचा विश्वास उडविण्यास पुरते. चर्चेंत आपल्या अभ्यासाच्या उणिवा स्वतःच सांगाव्यात. सारांश आणि शीर्षक अगदीं शेवटीं; कारण पुष्कळ वाचक तेवढेंच वाचतात, आणि संपूर्ण निबंधांत नाहीं असें एकहि विधान तेथें येतां कामा नये.

लेखक कोण, हा प्रश्न नाजूक असतो. वैद्यकीय पत्रांच्या कांहीं संपादकांनीं १९७८ सालीं कॅनडांतील व्हँकुव्हर येथें एकत्र येऊन हस्तलिखितांसाठीं समान नियम ठरविण्यास आरंभ केला. त्यांच्या समितीच्या आजच्या नियमांप्रमाणें ज्यानें अभ्यासांत खरा भाग घेतला, लेखनांत वा त्याच्या चिकित्सेंत हात घातला, अंतिम मसुद्यास मान्यता दिली आणि सर्व मजकुराची जबाबदारी पत्करली, तोच लेखक. विभागप्रमुख म्हणून नांव घालणें हा शिष्टाचार असेल, परंतु सत्य नव्हे. आणि रात्ररात्र जागून नोंदी करणाऱ्या तरुण डॉक्टराचें नांव गाळणें त्याहून वाईट. यंत्राकडून भाषा सुधारून घेतली असल्यास तसें सांगावें; यंत्र जबाबदारी घेऊं शकत नाहीं, म्हणून तें लेखक होऊं शकत नाहीं.

हस्तलिखित कोठें पाठवावें, हें वाचकावरून ठरवावें. ज्या डॉक्टरांच्या हातून उपचार बदलावयाचा आहे ते जें पत्र वाचतात, तें योग्य पत्र. आगाऊ पैसे मागून आठ दिवसांत छापून देण्याचें आश्वासन देणाऱ्या पत्रांपासून दूर राहावें; तेथें परीक्षण होत नाहीं, केवळ विक्री होते. पत्र निवडल्यावर त्याच्या सूचना अक्षरशः पाळाव्यात : शब्दमर्यादा, तक्त्यांची संख्या, संदर्भांची रीत. सोबत संपादकास एक लहान पत्र जोडावें. त्यांत निबंधांत नवें काय आहे हें दोन-तीन वाक्यांत सांगावें, आणि तो अन्यत्र पाठविलेला नाहीं अशी ग्वाही द्यावी. एकाच वेळीं दोन पत्रांकडे हस्तलिखित पाठविणें हा या क्षेत्रांत गंभीर दोष मानला जातो.

त्यानंतर प्रतीक्षा. संपादकास योग्य वाटल्यास निबंध त्या विषयांतील दोन-तीन परीक्षकांकडे जातो, आणि बहुधा आक्षेपांसह परत येतो. नकार आला तर तो माणसाला दिलेला नसून त्या मसुद्याला दिलेला आहे हें ध्यानीं ठेवावें. सुधारून दुसरीकडे पाठविण्यास कोणाचीच हरकत नसते. सुधारणा मागितल्या असतील तर प्रत्येक आक्षेपास क्रमानें उत्तर द्यावें : काय बदललें, कोणत्या पानावर बदललें, आणि बदललें नसल्यास कां नाहीं. परीक्षकास जें समजलें नाहीं तें पुष्कळदां वाचकासहि समजणार नसतें. छापून झाल्यावर चूक आढळली तर ती कळवून दुरुस्त करून घेणें, हाहि लेखकाचाच धर्म होय.

२०२४ सालीं जालन्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. या जिल्ह्यांत कापसाचीं शेतें आहेत आणि त्यांबरोबर फवारणीची विषबाधा आहे. पोलादाचे कारखाने आहेत आणि त्यांबरोबर भाजण्याचे अपघात आहेत. बांधाबांधावर साप आहेत. बदनापूर, मंठा, अंबड येथील डॉक्टरांपुढें असे रोगी येतच राहणार. त्यांतील प्रत्येकाची वेळ, नाडी, रक्तदाब आणि परिणाम जर एका साध्या वहींत नीट लिहिला गेला, तर निबंधाचें अर्धें काम तेथेंच झालें. उरलेलें अर्धें शिकतां येतें. न लिहिलेली नोंद मात्र मागाहून कोणासहि लिहितां येत नाहीं.