हाडांतील शिसें

हाड म्हटलें कीं कोरडी, निर्जीव वस्तु आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. वास्तविक हाड ही शरीराची पेढी आहे. कॅल्शियम, म्हणजे चुन्यांतील मूलद्रव्य, रक्तांत वाढलें तर तें येथें ठेव म्हणून जमा होतें, आणि कमी पडलें तर येथूनच काढलें जातें. हा व्यवहार जन्मभर अहोरात्र चालतो. परंतु या पेढीला खोटें नाणें ओळखतां येत नाहीं.

तें खोटें नाणें म्हणजे शिसें. विद्युद्भाराच्या दृष्टीनें त्याचा कण कॅल्शियमच्या कणासारखाच असल्यामुळें हाडाच्या स्फटिकांत तो कॅल्शियमची जागा घेतो. प्रौढाच्या शरीरांतील ९० टक्क्यांहून अधिक शिसें हाडांत आणि दांतांत असतें. रक्तांतील शिसें निम्मे होण्यास सुमारें एक महिना पुरतो; हाडांतील शिशाला मात्र अनेक दशकें लागतात. म्हणून आज रक्त निर्दोष दिसलें तरी जुनी ठेव शाबूत असूं शकते.

ही ठेव बाहेर केव्हां पडते? जेव्हां हाड झिजतें तेव्हां: वार्धक्यांत, ऋतुनिवृत्तीनंतर, आणि विशेषतः गर्भारपणांत व अंगावर पाजण्याच्या काळांत. भारतांत शिसेंयुक्त पेट्रोलची विक्री २००० सालीं बंद झाली. त्यापूर्वीं शहराच्या धुरांत वाढलेली मुलगी आज माता होत असेल, तर तिच्या बालपणींच्या शिशाचा अंश नाळेवाटे तिच्या बाळापर्यंत पोंचूं शकतो. बाळाच्या मेंदूला निर्धोक असें शिशाचें कोणतेंहि प्रमाण ज्ञात नाहीं.

यावर कॅल्शियमचा कांहीं उपयोग होतो काय? मेक्सिको शहरांत शिशाची झिलई दिलेलीं मातीचीं भांडीं स्वयंपाकांत वापरण्याची रीत आहे. तेथील गर्भवतींना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम देऊन पाहिलें. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें त्यांच्या रक्तांतील शिसें, औषधविरहित गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेनें, सरासरी ११ टक्क्यांनीं कमी भरलें. कारण उघड आहे. आहारांतून कॅल्शियम मिळालें कीं हाडावरील मागणी घटते. शिवाय आंतड्यांतहि तें शिशाची वाट अडवितें. लोहाची उणीव असली तर मात्र शिसें अधिक शोषलें जातें.

तथापि दोन गोष्टी विसरूं नयेत. कॅल्शियम हें सांठलेलें शिसें बाहेर हांकलून देत नाहीं. तें केवळ ठेव मोडण्याचा वेग मंदावतें. दुसरें असें कीं, हाडांच्या भुकटीपासून केलेल्या कॅल्शियमच्या औषधांतच शिसें आढळलेलें आहे. जनावराचें हाडहि अखेर तीच पेढी! म्हणून गोळी घ्यावयाची ती वैद्याच्या सल्ल्यानें, तपासलेल्या मालाची.

घरांत करण्यासारखें पुष्कळ आहे. नाचणी, दूध, तीळ आणि पालेभाज्या नित्य आहारांत असाव्यात. रिकाम्या पोटीं शिसें अधिक शोषलें जात असल्यामुळें मुलांना उपाशी ठेवूं नये. कल्हईचें कथील निर्भेळ असावें. भडक पिवळी सुटी हळद घेतांना सावध असावें, कारण शिशाच्या पिवळ्या रंगाची भेसळ तींत सांपडलेली आहे. भिंतीचा जुना रंग कोरडा खरवडूं नये. गर्भवतीला अशा संसर्गाची शंका असल्यास तिनें रक्ततपासणी अवश्य करून घ्यावी. एकदां हाडांत शिरलेलें शिसें काढणें दुष्कर. तें शिरूं न देणें मात्र पुष्कळसें आपल्या हातीं आहे.