वेलमन, बॅरी
वेलमन, बॅरी : (३० सप्टेंबर १९४२ – ९ जुलै २०२४). कॅनडात कार्य केलेले प्रसिद्ध अमेरिकन समाजशास्त्रज्ञ. सामाजिक संबंधजालाच्या विश्लेषणाचे एक प्रवर्तक. नागरी समूहजीवन तसेच दूरध्वनी, संगणक व इंटरनेट यांचा माणसांच्या परस्परसंबंधांवर होणारा परिणाम हे त्यांच्या संशोधनाचे मुख्य विषय होत. त्यांचा जन्म न्यूयॉर्क शहरात झाला. लाफाएट महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर त्यांनी हार्व्हर्ड विद्यापीठातून १९६९ मध्ये समाजशास्त्रात पीएच्.डी. मिळविली. तत्पूर्वीच, १९६७ पासून, ते टोराँटो विद्यापीठात अध्यापन करीत होते आणि २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले.

औद्योगिक नगरांच्या वाढीबरोबर माणूस एकाकी होतो, गावातील जिव्हाळा नगरात उरत नाही, ही समजूत समाजशास्त्रात जुनी आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ फेर्डिनांट टनीस यांच्या १८८७ मधील ग्रंथात तिची मांडणी आढळते आणि लूइस वर्थ यांच्या नागरी जीवनपद्धतीवरील १९३८ मधील निबंधाने ती दृढ केली. वेलमन यांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला. एखाद्या वस्तीत शेजारसंबंध किती उरले आहेत, हे मोजण्याऐवजी एकेका व्यक्तीचे निकटचे संबंध कोणाशी आहेत व ती माणसे कोठे राहतात, याचा त्यांनी शोध घेतला. समूह म्हणजे नकाशावरील एक तुकडा असे आधीच गृहीत धरले, तर त्या तुकड्याबाहेरील सर्व जिव्हाळा संशोधकाच्या नजरेतून सुटतो, हा त्यांचा मूळ आक्षेप होय.

टोराँटो महानगरातील ईस्ट यॉर्क या भागात १९६८ मध्ये ८४५ प्रौढांची पाहणी करण्यात आली. घराबाहेरच्या, आपल्याला सर्वांत जवळच्या वाटणाऱ्या जास्तीत जास्त सहा व्यक्तींची माहिती प्रत्येकाला विचारली होती. जवळजवळ सर्वांनाच अशी किमान एक तरी व्यक्ती होती. या निकटवर्तीयांपैकी सुमारे निम्मे आप्त होते. त्याच वस्तीत राहणारे मात्र शेकडा १३ च भरले. बहुसंख्य महानगराच्या इतर भागांत विखुरलेले होते. अडचणीच्या वेळी धावून येईल असे कोणी तरी बहुतेकांना होते. पण प्रत्येक निकटवर्तीय मदतीला येईलच, असे नव्हते. या निष्कर्षांवर आधारलेला त्यांचा १९७९ चा निबंध नागरी समाजशास्त्रातील एक आधारभूत लेखन मानला जातो. समूह हरवला, समूह टिकला, समूह स्थलबंधनातून मुक्त झाला, असे तीन पक्ष त्यात तपासले असून पाहणीने तिसऱ्याला अधिक बळ दिले. पुढे १९७८-७९ मध्ये त्याच प्रतिसादकांपैकी ३३ जणांच्या दीर्घ मुलाखती घेण्यात आल्या. आईवडील व प्रौढ मुले एकमेकांना अनेक प्रकारची मदत करतात, शेजारी प्रामुख्याने किरकोळ उपयोगी पडतात आणि भावनिक आधार स्त्रियांकडून अधिक मिळतो, असे त्यांतून दिसले. एकच माणूस सर्व गरजा क्वचितच भागवितो; त्यामुळे आधारासाठी अनेकांशी संबंध जपावे लागतात.

संबंधजालाच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी स्थापन केली. विखुरलेल्या या संशोधकांना एकत्र आणण्यात तिचा मोठा वाटा आहे.

इंटरनेटमुळे माणूस पडद्यासमोर एकटा पडेल, या भीतीची परीक्षा त्यांनी व त्यांचे शिष्य कीथ हॅम्प्टन यांनी टोराँटोजवळच्या एका नव्या वसाहतीत घेतली. संशोधनात तिला ‘नेटव्हिल’ हे टोपणनाव दिले आहे. हॅम्प्टन १९९७ ते १९९९ या काळात तेथे राहिले. १०९ घरांपैकी ६४ घरांना जलद इंटरनेट मिळाले. ४५ घरे जोडणीवाचून राहिली आणि तुलनेची संधी जणू आपोआपच उपलब्ध झाली. जोडणी असलेल्या घरांतील रहिवासी सरासरी सुमारे २५ शेजाऱ्यांना नावाने ओळखत, इतर सुमारे ८. वाढ झाली ती मुख्यतः तोंडओळखीच्या संबंधांत. घनिष्ठ मैत्रीत तेवढा फरक पडला नाही. बांधकामातील त्रुटींबाबत रहिवाशांनी सामूहिक तक्रारी केल्या, त्या याच ओळखींच्या बळावर. पुढे ही प्रायोगिक सेवा काढून घेण्यात आली.

घर ते घर आणि नंतर व्यक्ती ते व्यक्ती, असा संपर्काचा प्रवास वेलमन यांनी वर्णिला आहे. जुना दूरध्वनी घराला जोडत असे, भ्रमणध्वनी माणसाला जोडतो. या अवस्थेला त्यांनी संबंधजालीय व्यक्तिवाद असे नाव दिले. ली रेनी यांच्यासह लिहिलेल्या नेटवर्क्ड (२०१२) या ग्रंथात या विचाराची विस्तृत मांडणी आहे. समूहाकडून आपोआप मिळणारा आधार अशा व्यवस्थेत व्यक्तीला स्वतः जुळवावा लागतो, हेही त्यात मान्य केले आहे.

त्यांच्या आशावादाला आव्हान मिळाले. रॉबर्ट पटनम यांनी २००० मध्ये अमेरिकेतील सामूहिक जीवनाच्या ऱ्हासाचा ग्रंथ लिहिला. महत्त्वाच्या गोष्टी ज्यांच्याशी बोलता येतात अशा माणसांची सरासरी संख्या १९८५ ते २००४ या काळात सुमारे ३ वरून २ वर आली, असा निष्कर्ष २००६ मध्ये एका अमेरिकन पाहणीतून काढण्यात आला. त्याच्या आधारसामग्रीविषयी क्लॉड फिशर यांनी शंका उपस्थित केल्या आणि वाद मिटला नाही. ईस्ट यॉर्कमधील लोकसंख्या १९६८ मध्ये बव्हंशी ब्रिटिश-कॅनडियन व बरीच एकजिनसी होती, ही त्या पाहणीची खरी मर्यादा. ज्यांच्याकडे वाहन, दूरध्वनी व सवड नाही अशा वृद्धांना वा अत्यंत गरिबांना दूरवरचे संबंध कितपत पोसता येतात, हे तिच्यावरून ठरविता येत नाही.